ब्रिटन: पक्षाचा नेता बदलला तर विद्यार्थी कर्ज आणि व्हिसाचं काय होतं?

गोदातीर:
ब्रिटनच्या राजकारणावर काहीही वाचा, तीन विषय एकमेकांत गुंतलेले दिसतात: पक्षाचा नेता कोण, पदवीधरांच्या डोक्यावरचं कर्ज आणि स्थलांतर. सत्ताधारी पक्षाचा नेता मध्येच बदलायचा तर नियम काय आहेत? प्लॅन 2 (विद्यार्थी कर्जाचा एक प्रकार) वाल्यांचं कर्ज दरमहा हप्ता जाऊनही वाढतं म्हणतात, ते कसं? आणि नवा नेता आला तर व्हिसाचे नियम आधीपासून तिथे असलेल्यांनाही लागू होतात का? कुठला पक्ष बरोबर यावर वाद झाला तरी हरकत नाही, फक्त आकडे द्या.

थेम्सकाठ:
नेतृत्वाचं सांगतो. मजूर पक्षात अविश्वास ठराव नेत्यावर बंधनकारक नाही. 2016 मध्ये खासदारांनी तेव्हाचे नेते कॉर्बिन यांच्याविरुद्ध 172 विरुद्ध 40 असं मत दिलं, तरी ते जागचे हलले नाहीत. नंतर ओवेन स्मिथ समोर उभे राहिले आणि सभासदांनी कॉर्बिनना जवळपास 62 टक्के मतं देऊन परत निवडलं. थोडक्यात, नेता हटवायचा तर समोर उमेदवार हवा, आणि 2021 पासून त्या उमेदवाराला पक्षाच्या 20 टक्के खासदारांचा पाठिंबा लागतो. 2024 ला पक्षाच्या 411 जागा आल्या, म्हणजे ऐंशीच्या वर खासदार गोळा करायचे. विद्यमान नेत्याला मात्र पाठिंब्याची गरज नाही, त्याचं नाव मतपत्रिकेवर आपोआप येतं. उमेदवार स्वतः खासदार असावाच लागतो. बाहेरचा महापौर कितीही लोकप्रिय असला तरी आधी पोटनिवडणूक जिंकावी लागते.

हुजूर पक्षात उलट आहे. तिथे खासदार 1922 समिती या पक्षाच्या खासदारांच्या संघटनेच्या अध्यक्षांकडे गुपचूप पत्रं देतात. पूर्वी 15 टक्के पत्रं पुरत, 2024 नंतर ही अट एक तृतीयांश केली. तेवढी जमली की खासदारांचं गुप्त मतदान होतं, आणि नेता हरला तर पुढच्या निवडणुकीत उभा राहू शकत नाही. शेवटच्या दोघांतून सभासद निवड करतात. 2022 मध्ये ट्रस यांना 81,326 आणि सुनक यांना 60,399 मतं पडली. देशाचा पंतप्रधान दीड लाखाहून कमी माणसांनी ठरवला, आणि सात आठवड्यांत तो प्रयोग फसला. पक्षाची वर्गणी भरणाऱ्यांना एवढा अधिकार आणि मतदाराला शून्य, हे मला साफ अमान्य आहे. सत्तेत असताना नेता फक्त खासदारांनी निवडावा, कारण ते निदान मतदारसंघाला जबाबदार असतात.

उत्तरवाट:
शेवटच्या मुद्द्यावर असहमत. खासदारांवर सोपवलं की सगळं बंद दाराआड ठरतं. असो, कर्जाकडे वळतो, कारण तिथेच सर्वात जास्त गैरसमज आहेत.

प्लॅन 2 म्हणजे सप्टेंबर 2012 ते जुलै 2023 या काळात पदवीला प्रवेश घेतलेले इंग्लंडचे आणि सप्टेंबर 2012 पासूनचे वेल्सचे विद्यार्थी. वसुली पगारातून परस्पर होते: ठरलेल्या मर्यादेच्या वर जेवढं उत्पन्न, त्याच्या 9 टक्के. कर्ज 20 हजार असो की 70 हजार, हप्ता तोच. व्याज मात्र पूर्ण शिल्लक रकमेवर लागतं, आणि त्याचा दर आरपीआय या महागाई निर्देशांकापासून सुरू होऊन पगार वाढेल तसा आरपीआय अधिक 3 टक्क्यांपर्यंत चढतो.

2025-26 चे आकडे घेऊन बघा. मर्यादा 28,470 पौंड, पगार 35,000. फरक 6,530, त्याचे 9 टक्के म्हणजे वर्षाला सुमारे 588 पौंड, महिन्याला 49. आता व्याज. आरपीआय 3.2 टक्के धरलेला आहे, पूर्ण 6.2 टक्के 51,245 पौंड पगाराला लागतात, त्यामुळे 35 हजारांवर दर साधारण 4.06 टक्के येतो. शिल्लक 50,000 असेल तर वर्षाचं व्याज 2,030 पौंड. भरले 588, चढले 2,030. वर्षाअखेरीस कर्ज 1,440 पौंडांनी वाढलेलं. यात हिशोबाची चूक नाही, योजनाच तशी आखलेली आहे. 30 वर्षांनी उरलेलं माफ होतं.

हप्त्यापेक्षा जास्त टोचतं ते पगारवाढीचं. 35 हजारांच्या पुढच्या प्रत्येक पौंडावर 20 टक्के प्राप्तिकर, 8 टक्के नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची कपात) आणि 9 टक्के कर्ज, एकूण 37. पगार 50,270 च्या वर गेला की 40, 2 आणि 9 मिळून 51. पदव्युत्तर कर्जही असेल तर त्याचे 6 टक्के वेगळे.

याला राजकीय उत्तर कोण देतंय? 2010 मध्ये लिबरल डेमोक्रॅट फीवाढीला विरोध करायची लेखी हमी देऊन निवडून आले. 9 डिसेंबरला फी 9,000 करण्याचा ठराव 323 विरुद्ध 302 ने मंजूर झाला, आघाडी सरकारातल्या त्यांच्याच मंत्र्यांच्या मतांसह. 2015 ला पक्ष 57 जागांवरून 8 वर आला. हुजूर अर्थमंत्री ऑस्बर्न यांनी वसुलीची 21,000 ची मर्यादा गोठवली. 2017 च्या निवडणुकीत कॉर्बिन यांनी फी रद्द करायचं वचन दिलं, तरुण मतं तिकडे गेली, आणि त्याच वर्षी पंतप्रधान थेरेसा मे यांनी मर्यादा 25,000 करायचं जाहीर केलं. मजूर पक्षाचे नेते म्हणून स्टार्मर यांनी 2023 मध्ये फी रद्द करायचं वचन सोडलं. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात मजूर अर्थमंत्री रीव्ह्ज यांनी मर्यादा 2027 पासून तीन वर्षं गोठवली. पगार वाढतात, मर्यादा तिथेच, म्हणजे वसुली वाढते. अठराव्या वर्षी सही केलेल्या मुलाची अट सरकार नंतर एकतर्फी बदलतं. खासगी बँकेने असं केलं असतं तर कोर्टात टिकलं नसतं. मजूर पक्षाने हे करावं याची मला चीड आहे.

गोदातीर:
मग व्याज थेट आरपीआयइतकं का करत नाहीत? त्याने सगळ्यांना दिलासा मिळेल ना?

थेम्सकाठ:
नाही मिळणार. हप्ता व्याजावर ठरत नाही, पगारावर ठरतो. ज्याचं कर्ज 30 वर्षांत फिटणारच नाही, त्याचं व्याज शून्य केलं तरी बहुतेक वेळा महिन्याचा एक पेनीही वाचत नाही. फायदा होतो तो पूर्ण फेड करू शकणाऱ्या चांगल्या पगारवाल्यांना. मर्यादा वाढवली तर कमी आणि मध्यम पगारवाल्यांच्या हातात दरमहा पैसे येतात. पण तो खर्च विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेल्या करदात्याकडून घ्यायचा का? माझं उत्तर नाही असं आहे.

प्लॅन 5 ची मुलं (इंग्लंडची, ऑगस्ट 2023 पासूनची) विसरू नका. व्याज फक्त आरपीआय, पण मर्यादा 25,000 आणि मुदत 40 वर्षं. कमी व्याजाच्या बदल्यात दहा वर्षं जास्त.

सीमापार:
स्थलांतर यात कुठे येतं ते बघा. इंग्लंडमध्ये देशी विद्यार्थ्यांची फी 2017 ते 2025 पर्यंत 9,250 वर अडकलेली होती, 2025-26 ला 9,535 झाली. खर्च वाढत गेला, तूट विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतून भरली. त्याने स्थलांतराचा आकडा फुगला, आणि तोच आकडा दोन्ही पक्षांत नेत्याविरुद्ध हत्यार झाला. फी वाढवा म्हटलं तर कर्ज वाढतं, परदेशी मुलं कमी करा म्हटलं तर विद्यापीठं अडचणीत. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मागणाऱ्या नेत्याला पैसा कुठून आणणार हे विचारलं पाहिजे.

नियमांचं म्हणाल तर इमिग्रेशन रूल्स बदलायला नवा कायदा लागत नाही. 1971 च्या कायद्याखाली गृहमंत्री बदलांचं निवेदन संसदेत ठेवतात, आणि सहसा 21 दिवसांनी ते लागू होतं. पंतप्रधान बदलायचीही गरज नसते. जानेवारी 2024 पासून संशोधन नसलेल्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंब आणता येत नाही. स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) व्हिसाची सर्वसाधारण पगार अट एप्रिल 2024 ला 38,700 आणि 22 जुलै 2025 ला 41,700 झाली. पहिले दोन बदल हुजूर सरकारचे, तिसरा मजूर सरकारचा. दिशा एकच. पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचा मिळेल. इथे तारीख अर्ज केल्याची धरतात, कोर्सला प्रवेश घेतल्याची नाही, आणि नेमकं तिथेच लोक चुकतात.

आधीच राहत असलेल्यांना बदल लागू होतो का? होऊ शकतो. एप्रिल 2006 मध्ये कायम वास्तव्याची मुदत चारवरून पाच वर्षं केली, तीही आधी आलेल्यांसकट. एचएसएमपी या उच्चकुशल स्थलांतरितांच्या व्हिसा योजनेतून आलेल्यांची एचएसएमपी फोरम ही संघटना उच्च न्यायालयात गेली आणि 2009 मध्ये जिंकली. पण त्या योजनेत सरकारने दिलेल्या आश्वासनांवर तो निकाल उभा होता. कायम वास्तव्याची मुदत पाचाची दहा वर्षं करण्याच्या प्रस्तावाविरुद्धही तो ढालीसारखा वापरता येईल असं गृहीत धरू नका.

उत्तरवाट:
@सीमापार, दिशा एकच हे मान्य, पण म्हणून मत वाया जातं असं कुणी समजू नये. भारतीय पासपोर्टवर वैध व्हिसाने राहणारा प्रौढ माणूस कॉमनवेल्थ नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीतही मतदान करू शकतो, विद्यार्थीसुद्धा. नोंदणी मतदानाच्या 12 कामकाजाच्या दिवस आधीपर्यंत ऑनलाइन होते. केंद्रावर फोटो ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. पत्ता बदलला की नोंदणी पुन्हा करावी लागते. विद्यार्थ्यांची नावं यादीत सापडत नाहीत ती बहुधा यामुळेच.