रेघा कमी म्हणजे कष्ट कमी?

निबवाला: कालच्या धाग्यावर एकाने लिहिलं, "शाईच्या चित्रात वातावरण येतं ते हॅचिंगने, रेघांवर रेघांची जाळी विणून. चार फटकारे मारून निम्मा कागद कोरा सोडणं ही पळवाट." वाचून चहा गार झाला, म्हणून हा वेगळा धागा.

चित्रकार झैनुल आबेदिन आठवा. १९४३चा बंगालचा दुष्काळ, कलकत्त्याचे फूटपाथ. स्वस्तातला कागद, काळी शाई, ब्रश. ब्रशमधली शाई संपत आली की फटकारा मधेच फाटतो, कागदाचा खरखरीतपणा वर येतो, आणि तीच उपाशी माणसाची बरगडी होते. मागे ना घर, ना झाड. या माणसाला कुणी उरलेलं नाही, हे तो कोरा कागद सांगतो. आता तिथे जाळी विणा. छान संध्याकाळ होईल, दुष्काळ जाईल.

आडव्या_उभ्या: तो "एकाने" म्हणजे मी. नाव घ्यायला लाजू नका. त्याच दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद बंगालच्या मिदनापूर जिल्ह्यात फिरले, माणसांची नावं-गावं टिपत चित्रं काढली. काळं ठासून भरलेलं. त्या चित्रांची पुस्तिका निघाली, तर इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. कोऱ्या कागदाला कुठलं सरकार घाबरतं?

निबवाला: घाबरले ते मजकुराला! आणि भरीव काळं वेगळं, जाळी वेगळी. काळ्यावर नजर अडते. जाळीत ती सगळीकडे सारखीच फिरते, कुठेच टेकत नाही. मुळात लाइन ब्लॉकवर, म्हणजे छपाईच्या जुन्या धातूच्या ठशावर, करडं उमटायचंच नाही, एक तर काळं नाही तर पांढरं, म्हणून रेघांची दाटी करायची. छापखान्याची अडचण ती, तुम्ही तिला देव्हाऱ्यात बसवलंत.

आडव्या_उभ्या: जाळी सगळीकडे सारखी येते ती शिकाऊ माणसाची. आजी गेली त्या आठवड्यात मी तिच्या खोलीचा कोपरा काढत बसलो होतो. चार दिशांनी रेघा, एकावर एक. शेवटी निब कागदातून आरपार गेली. खुर्चीचा हात तेवढा कोरा ठेवला. घरात सगळे आधी तिथेच बघतात. हे चार फटकाऱ्यांत करून दाखवा.

निबवाला: म्हणजे काम केलं कोऱ्या जागेनेच. आभारी आहे.

आडव्या_उभ्या: भोवती अंधार होता म्हणून ना!! कोरा कागद दुकानातही मिळतो.

बोरूताई: भांडा तुम्ही. त्या कोऱ्या जागेचे पैसे कोण देतं ते सांगा आधी. एका दिवाळी अंकाला कथाचित्र दिलं होतं. खाली उजव्या कोपऱ्यात बाक, त्यावर म्हातारा, वर सगळं मोकळं आभाळ. अंक हातात आला तर आभाळात सुक्या मेव्याची जाहिरात. म्हातारा काजूकडे बघतोय. वर मानधन निम्मं, "तुमचं काम अर्ध्याच पानात आहे ना" म्हणून.

शाईफुटी: +१. माझं चित्र उलटं करून छापलं. पात्र घराकडे परतत होतं, ते घर सोडून चाललं. कथेचा अर्थच फिरला, आणि लेखकाला पत्ता नाही.

मुद्रितशोधक: मी अंक काढणाऱ्यांच्या बाजूचा. कागदाचे भाव माहीत आहेत का? जाहिरात नसेल तर अंकच निघत नाही.

बोरूताई: मग कथेचा शेवटचा परिच्छेद कापा की.

मुद्रितशोधक: लेखक दारात येऊन बसतील.

शाईफुटी: आणि चित्रकाराला एक अंक घरपोच पाठवला की तो गप्प, असंच ना? तो काजूवाला अंक तुमचाच तर नव्हे?

मुद्रितशोधक: तोंड सांभाळून बोला. आम्ही चित्राला हात लावत नाही. फार तर बाजूने थोडं कापतो.

निबवाला: "थोडं"! अहो, म्हातारा बाकावर एकटा दिसतो तो त्या "थोड्या"मुळेच. आणि माझा धागा कुठे गेला?

आडव्या_उभ्या: गेला काजूत. पण बोरूताई, आभाळ रेघांनी भरलं असतं तर तिथे जाहिरात बसलीच नसती. एवढा फायदा तरी कबूल करा.

बोरूताई: केला. यंदा ढग काढते. दाट. मानधन पूर्ण पानाचं मागेन.