विमानाच्या तिकिटावर नाव चुकलंय: दुरुस्ती की बदल, आणि पैसे किती?

सिंहगडरोडकर

पुणे–दिल्ली, चौघांचं जाऊन-येऊन तिकीट, एकाच पीएनआरवर. काल संध्याकाळी सातच्या सुमारास एका बुकिंग पोर्टलवरून काढलं. प्रवासाला अजून १९ दिवस आहेत. घोळ तीन:

वहिनीचं नाव शुभांगी. त्यातला पहिला 'एच' टाइप करताना राहिला, त्यामुळे तिकिटावर ती सुभांगी झालीये. बहिणीचं तिकीट माहेरच्या आडनावाने निघालं, पण आधारवर आता सासरचं आडनाव आहे. आणि मामांचं येणं रद्द झालंय, त्यांच्या जागी माझा धाकटा भाऊ येईल.

पोर्टलचा माणूस प्रत्येक नावामागे ३,००० रुपये सांगतोय, वर "होईलच असं नाही" हेही. रेल्वेत घरच्या माणसाच्या नावावर तिकीट करून मिळतं, मग विमानाचंच एवढं काय? नक्की काय करावं?

तिकीटखिडकी

आधी शब्द नीट वापरा. फोनवर "नाव बदलायचंय" म्हणालात की समोरचा नियम वाचून दाखवणार: तिकीट हस्तांतरणीय नाही. विषय संपला. "नाव दुरुस्त करायचंय, प्रवासी तोच आहे" असं म्हणा. एअरलाइनच्या लेखी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या तीन घोळांपैकी पहिला दुरुस्तीचा, दुसरा कागदपत्रांचा आणि तिसरा बदलाचा आहे. तिघांना एकच ३,००० चा दर लावणाऱ्याला विषय कळलेला नाही, किंवा फार चांगला कळलाय.

शुभांगीताईंचं: प्रवासी तोच आणि चूक एखाद-दोन अक्षरांची, हे सगळ्यात सोपं काम. डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम असा की तिकीट थेट एअरलाइनच्या वेबसाइटवर काढलं असेल आणि चूक २४ तासांत कळवली, तर त्याच व्यक्तीच्या नावाच्या दुरुस्तीला जादा पैसे घेता येत नाहीत. तुमचं पोर्टलवरचं, म्हणजे हक्क म्हणून मागता येणार नाही. तरी आजच एअरलाइनला फोन लावा, एवढ्याशा चुकीला बऱ्याचदा नाही म्हणत नाहीत. फोनवर पोर्टलचा बुकिंग नंबर सांगू नका, त्यांना तो दिसत नाही. ई-तिकिटावरचा सहा अक्षरांचा एअरलाइन पीएनआर द्या आणि स्पेलिंग एकेक अक्षर सांगा, 'एच फॉर होटेल' करत. नाहीतर दुरुस्तीत नवी चूक होते आणि दुसऱ्यांदा ते फुकट करत नाहीत.

बहिणीचं: यात कदाचित एक रुपयाही लागणार नाही. देशांतर्गत प्रवासात गेटवर सीआयएसएफ जवान तिकिटावरचं नाव आणि तुम्ही दाखवलेलं ओळखपत्र एवढंच ताडून बघतो. ते आधारच असावं असं नाही. पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, काहीही चालतं. लग्नानंतर आधार बदललं तरी पॅन किंवा मतदार ओळखपत्र वर्षानुवर्षं माहेरच्याच नावाचं राहतं, हे घरोघरी दिसतं. तसं एक कार्ड मूळ स्वरूपात जवळ असेल तर तिकिटाला हात लावू नका. मात्र डिजियात्राच्या, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात सोडणाऱ्या ॲपच्या, नादाला लागू नका. ॲपमध्ये नोंद आधारवरच्या नावाची असेल तर बोर्डिंग पास जुळणार नाही. साध्या रांगेतून जावं.

असं कार्डच नसेल, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडून आडनावाची दुरुस्ती मागा. प्रवासी तोच असला तरी अख्खं आडनाव बदलतंय, त्यामुळे कागद मागतातच, आणि इथे शुल्कही लागू शकतं.

जंक्शन

रेल्वेचं उदाहरण दिलंत म्हणून. तिथेही मामांचं तिकीट भाच्याच्या नावावर झालं नसतं. रेल्वे आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी आणि नवरा-बायको एवढ्यांनाच धरते. मामा-भाचे त्यात बसत नाहीत. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज द्यावा लागतो, नात्याचा पुरावा लागतो, आणि एका तिकिटावर एकदाच.

विमानात तेवढीही सोय का नाही? रेल्वेचं भाडं बऱ्यापैकी ठरलेलं असतं. विमानाचं रोज हलतं. नाव मोकळेपणाने बदलता आलं तर कुणीही दिवाळीची पुणे–दिल्ली तिकिटं चार महिने आधी स्वस्तात उचलून ठेवील आणि धनत्रयोदशीला दुप्पट भावाने विकेल. तो नफा एअरलाइनला स्वतःला हवा असतो, म्हणून दार बंद. सुरक्षेचं कारणही देतात, पण ते दुय्यम वाटतं. युरोपात रायनएअर पैसे घेऊन अख्खं नाव बदलून देते. फक्त शुल्क शंभर युरोच्या वर ठेवलंय, म्हणजे बहुतेक वेळा नवं तिकीट त्याहून स्वस्त पडतं. दार उघडं, पण उंबरा कमरेएवढा.

पीएनआरवाचक

मामांच्या तिकिटाला एकच मार्ग: त्यांचं रद्द, भावाचं नवं. तुम्ही उद्या संध्याकाळी सातच्या आत हललात तर फायदा आहे. तिकीट काढल्यापासून पहिल्या ४८ तासांत आणि उड्डाण पुरेसं लांब असताना (१९ दिवस पुरेत) रद्द केलं तर एअरलाइनने रद्दशुल्क घ्यायचं नसतं. पोर्टलचं स्वतःचं सेवाशुल्क मात्र गेलं समजा.

क्रम महत्त्वाचा. आधी त्याच विमानाचं आजचं भाडं बघा, सीट आहे ना बघा, भावाचं तिकीट काढा, मग मामांचं रद्द करा. उलटं केलंत आणि मधल्या दहा मिनिटांत भाडं वर गेलं तर रडायची वेळ येते. रद्द करताना चौघांच्या नावांपुढे खुणा असतात, फक्त मामांची ठेवा, आणि जाण्या-येण्याची दोन्ही उड्डाणं निवडा. अशा वेळी सिस्टिम पीएनआर तोडते, म्हणजे मामांचं बुकिंग बाकी तिघांपासून वेगळं करते. तोडलेल्या भागाला नवा पीएनआर मिळतो आणि कधीकधी कोणता कुणाचा यात घोटाळा होतो. रद्द झाल्यावर तिघांचं तिकीट पुन्हा उघडून बघा.

४८ तास उलटले तर हिशेब बदलतो. रद्दशुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त असता कामा नये, आणि विमानतळ वापर शुल्कासारखे कर परत द्यावेच लागतात, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी. समजा तिकीट ५,२०० चं आहे आणि त्यात मूळ भाडं व अधिभार मिळून ४,३००, तर अगदी वाईटात वाईट ९०० च्या आसपास हाती यायला हवेत. "काहीच मिळत नाही" असं ऐकून गप्प बसू नका. पोर्टल दाद देत नसेल तर एअरलाइनच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याला मेल करा, त्यानंतर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार.

दुरुस्तीबद्दल एक भर. नाव दुरुस्त झालं की काही एअरलाइन तिकीट नव्याने काढतात. पीएनआर तोच राहतो पण १३ आकडी तिकीट क्रमांक बदलतो. या उलथापालथीत पैसे देऊन घेतलेली सीट, जेवण, जादा सामान गळून पडतं. नवी प्रत आली की नावाबरोबर हेही तपासा. आणि दुरुस्ती होईपर्यंत वेब चेक-इन करू नका. बोर्डिंग पास निघाला की नाव गोठतं, मग आधी चेक-इन उलटवून घ्यावं लागतं.

सिंहगडरोडकर

धन्यवाद मंडळी. बहिणीचं पॅन माहेरच्या नावाचं सापडलं. भावाचं काढलं, मामांचं रद्द केलं. वहिनीचं फोनवर झालं, पण नव्या प्रतीवर नाव आणि 'मिसेस' सगळं एकत्र चिकटून आलंय, मध्ये जागाच नाही. हे चुकलं का?

पीएनआरवाचक

नाही, चूक नाही. आरक्षणाच्या सिस्टिममध्ये आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि संबोधन सलग लागतं. छापताना मधल्या जागा उडतात. काउंटरवरचे लोक दिवसभर तेच वाचतात. मधलं नाव तिकिटावर नसलं तरी देशांतर्गत प्रवासात सहसा अडत नाही. आपल्याकडे तीन भागांचं नाव, फॉर्ममध्ये रकाने दोन, हा रोजचा तिढा आहे.

गल्फवाला

देशांतर्गत ठीक, पण हेच डोकं परदेशच्या तिकिटाला लावू नका. तिथे आधार-पॅन विसरा, पासपोर्टच्या पहिल्या पानावर जे 'सरनेम' आणि 'गिव्हन नेम' आहे ते जसंच्या तसं. आपल्याकडच्या पासपोर्टात गिव्हन नेममध्ये बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, तेही घाला. व्हिसावरही तेच हवं. दोन वेगळ्या एअरलाइनचा प्रवास एका तिकिटावर असेल तर दुरुस्ती आणखी किचकट: ज्यांनी तिकीट काढलं त्यांनी बदललं तरी दुसऱ्या एअरलाइनच्या नोंदीत जुनंच नाव राहू शकतं. दोन्हीकडचे पीएनआर मागून दोन्ही वेबसाइटवर उघडून बघा.

घरात कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर युएईला जाण्याआधी खास बघा. नोव्हेंबर २०२२ पासून व्हिजिट व्हिसावर एकशब्दी नावाला तिथे प्रवेश नाही. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर ते धरतात. अशा प्रवाशाचं तिकीट काढताना आडनावाच्या रकान्यात काय लिहायचं, तेच नाव दुसऱ्यांदा की एफएनयू ('फर्स्ट नेम अननोन'), हे प्रत्येक एअरलाइनचं वेगळं असतं. पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा.