मदत हवी आहे : आईची खालची कवळी बसत नाही, काय करावं?

नमस्कार मंडळी. आई ७६ वर्षांची, तोंडात एकही दात उरलेला नाही. साडेतीन महिन्यांपूर्वी पूर्ण कवळी करून घेतली. वरची छान बसली. खालची मात्र बोलताना उचलते, जेवताना तर जिभेवरच येते. डाव्या हिरडीवर जिथे कड टेकते तिथे जखम झाली आहे. दवाखान्यात तीनदा घासून दिली, चौथ्यांदा ‘सवय होईल आजी’ एवढंच म्हणाले.

आता ती जेवायला बसली की दोन्ही कवळ्या काढून पदराआड वाटीत ठेवते आणि भाकरी दुधात कुस्करून गिळते. गेल्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात पंगतीला बसलीच नाही, ‘उपवास आहे’ म्हणाली. त्या दिवशी तिचा कुठलाही उपवास नव्हता. तेव्हापासून मला चैन नाही. वजनही चार किलोने उतरलंय.

मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तोंड कायम कोरडं. नातवंडांनी बोळकं बघू नये म्हणून वरची कवळी रात्रीही काढत नाही. काल टॉर्च लावून पाहिलं तर टाळू लालभडक, अगदी कवळीच्या आकारात. दुखत मात्र नाही. पूर्वी बरीच वर्षं मिश्री लावायची, त्यामुळे भीती जास्त वाटते. नवी कवळी करावी की आहे तीच सुधारते? कुणाच्या घरी असं झालंय का?

प्रतिसाद :
ताई, माझे वडील अकरा वर्षं कवळी वापरतात, म्हणून लिहिते. आधी टाळूचं बघा. कवळी चोवीस तास तोंडात राहिली की खाली बुरशी वाढते, साखर वाढलेली असली की आणखीच. दुखत नाही म्हणून सोडू नका. डॉक्टर औषध देतील, पण कवळी स्वच्छ झाली नाही तर बुरशी परत येते. रोज मऊ ब्रशने, भांड्यांच्या साबणाने घासायची. टूथपेस्टने ओरखडे पडतात, उकळत्या पाण्याने आकार बिघडतो. बेसिनमध्ये पाणी भरून त्यावर धरून धुवा, निसटली तरी फुटत नाही. रात्री साध्या पाण्यात, झाकणाच्या डब्यात. दिवा मालवल्यावर काढली तर नातवंडांना दिसणारही नाही.

खालच्या कवळीचं दुखणं आईच्या सवयीचं नाही. त्या कवळीला टाळूचा आधार नसतो, जीभ सतत ढकलते, आणि दात गेल्यावर खालचं हाड वरच्यापेक्षा लवकर झिजतं. कवळी धरून ठेवायला लाळ लागते, तीच आईंना कमी. आतून नवं अस्तर लावता येतं, आमचं त्यावरच भागलं. नाहीतर हनुवटीच्या भागात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे धातूचे स्क्रू, बसवून त्यांवर कवळी अडकवतात. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय म्हटलं होतं. खर्च मात्र बराच येतो, आणि साखर आटोक्यात हवी. प्रोस्थोडॉन्टिस्टनाच, म्हणजे कवळीच्या तज्ज्ञ डॉक्टरांनाच दाखवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

जखम भरेपर्यंत खालची लावूच नका. फक्त तपासणीआधी काही तास लावून न्या, म्हणजे नेमकी कुठे टोचते ते डॉक्टरांना दिसतं. कवळी काढून ठेवूनही दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर मिश्रीचं सांगून तोंडाच्या सर्जनला दाखवा. यात उशीर नको. आणि जेवताना पुढच्या दातांनी तोडायला लावू नका. छोटे घास, दोन्ही बाजूंना थोडं थोडं चावायचं. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते.

मूळ प्रश्नकर्ती :
खूप आभार. दोन्ही बाजूंनी चावायचं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. काल रात्री वरची काढून डब्यात ठेवली, आधी खोलीचं दार लावून घेतलं तिने. मिश्रीचं डॉक्टरांना मीच सांगेन, आई लपवेल. आम्ही जालन्याला असतो, संभाजीनगर जवळ पडेल. तिथे कवळीच्या विभागात सकाळी किती वाजता नंबर लावावा लागतो, कुणी सांगेल का?