मदत हवी आहे: चिंगी पाच दिवस काही खात नाहीये

मृण्मयी_ठाणे
कृपया लवकर उत्तर द्या. आमची कुत्री चिंगी पाच दिवस झाले काहीच खात नाहीये. वाटी ठेवली की जाते, वास घेते, थोडं तोंड घालते आणि परत सोफ्याखाली जाऊन बसते. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचं ड्राय फूड आणून झालं, तिन्ही पाकिटं उघडून पडली आहेत. डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल आला. ते म्हणाले लाडावलीय, नखरे आहेत, आणि भूक लागायचं सिरप लिहून दिलं. ते पाजलं की तोंडातून फेस काढते. खाण्याच्या बाबतीत ती आधीपासूनच नाटकी आहे, पण इतकं कधी झालं नव्हतं. ऑफिसात लक्ष लागत नाही. काय दिलं तर खाईल, एवढंच सांगा.

बंड्या_सातारकर
जात कुठली? वय? वजन? मादी दिसतेय, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालंय का? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

गच्चीतला_माळी
काही होत नाही, मृण्मयी. आमच्या पगने असाच छळ मांडला होता. वाटी ठेवायची, पंधरा मिनिटांनी उचलायची, पुढच्या जेवणापर्यंत काही म्हणजे काही द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री गुपचूप सगळं खाल्लं त्याने. भूक लागली की खातात. आपणच घाबरतो.

अनघा_ना
माळीकाका, वय माहीत नसताना उपाशी ठेवायला सांगू नका. लहान जातीचं तीन महिन्यांचं पिल्लू असेल तर काही तासांत साखर उतरते, थरथरतं, शुद्ध जाते. धडधाकट मोठं कुत्रं एखादं जेवण चुकवेल, पण चोवीस तास पोटात काहीच नसेल तर ते डॉक्टरचं काम आहे.

खवय्या_कोल्हापूर
चिकनचा रस्सा आणि भात. कुठलंही कुत्रं नाही म्हणणार नाही. घरच्यासारखाच करायचा, तिखट तेवढं कमी.

अनघा_ना
नको! घरच्यासारखा रस्सा म्हणजे कांदा-लसूण आलंच. कांद्या-लसणाने कुत्र्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ते लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडलेल्या दिसतात. शिजलेलं वाटणसुद्धा चालत नाही. चिकन द्यायचं तर नुसत्या पाण्यात उकडून, हाडं काढून. शिजलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या होतात.

खवय्या_कोल्हापूर
आमच्या मळ्यावरची कुत्री पिढ्यानपिढ्या रश्शात कुस्करलेली भाकरी खातात, ताई.

अनघा_ना
पंचवीस किलोच्या कुत्र्याच्या आणि पाच किलोच्या कुत्र्याच्या अंगात तेवढाच कांदा गेला तर फरक पडणारच ना, दादा. मळ्यावरच्यांचं रक्त कुणी तपासलंय?

मृण्मयी_ठाणे
सॉरी, घाईत लिहिलं. पामेरियन आहे, पांढरी. सात वर्षांची. वजन पाच किलो सहाशे. ऑपरेशन दुसऱ्या वर्षीच केलंय. ताप नाही, डॉक्टरांनी मोजला तेव्हा १०१.६ होता. उलटी नाही, जुलाब नाही.

बंड्या_सातारकर
पाच-सहा किलोची पांढरी म्हणजे बहुतेक इंडियन स्पिट्झ. आपल्याकडे सगळ्यांनाच पामेरियन म्हणतात, खरा पामेरियन तीन-साडेतीन किलोच्या पुढे सहसा जात नाही. ऑपरेशन झालंय ते बरं, नाहीतर पाळीनंतर महिना-दोन महिन्यांत जेवण सोडलं आणि पाणी जास्त प्यायला लागली तर गर्भाशयात पू झाल्याची शंका पहिली घ्यावी लागते. १०१.६ म्हणजे ताप नाहीच, त्यांचं १०१ ते १०२.५ चालतं. गोचिडाचा ताप तपासला का? रिपोर्टमध्ये प्लेटलेट किती आहेत?

मृण्मयी_ठाणे
प्लेटलेट २ लाख ८० हजार. गोचीड नाही, दर महिन्याला औषध लावतो.

केतकी_के
स्पिट्झ असेल तर उन्हाळा आहे म्हणून केस बारीक कापू नका हं. त्यांचा कोट दुहेरी असतो, आतली लव उन्हापासूनही वाचवते, आणि एकदा कापला की पूर्वीसारखा येईलच असं नाही. मी हे आमच्या बर्फीच्या वेळी चुकले, अजून पाठीवर ठिगळासारखं दिसतं.

शिरीष_पं
मूळ प्रश्न राहतोय. "काहीच खात नाही" म्हणजे खरंच काही नाही? पाच दिवस अन्नाचा कण नाही आणि वजन पाच किलो सहाशे, रिपोर्ट नॉर्मल, हे जुळत नाही. ड्राय फूड सोडून सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्या पोटात काय काय जातं, ते सगळं लिहा. घरातल्या प्रत्येकाला विचारून लिहा.

मृण्मयी_ठाणे
सासूबाईंना विचारलं. सकाळी त्यांच्या चहाच्या वेळी चार ग्लुकोज बिस्किटं, चहात बुडवून. दुपारी त्यांच्या ताटातली एक पोळी तूप लावून, दुधात कुस्करून. ती सगळी खाते म्हणे. मी हे धरलंच नाही, कारण ते तिचं जेवण नाही, ते आईंचं रोजचंच आहे. माझ्या डोक्यात तिचं जेवण म्हणजे वाटीतलं.

शिरीष_पं
आता हिशेब करू. तिच्या वजनाच्या, ऑपरेशन झालेल्या, घरात बसणाऱ्या कुत्रीला दिवसाला साधारण ३५० ते ४०० कॅलरी लागतात. बिस्किटाच्या शंभर ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास असतात, म्हणजे चार बिस्किटांचे शंभर. तूप लावलेली पोळी सव्वाशे-दीडशे. अर्धी वाटी दूध धरलं तर आणखी पन्नास. म्हणजे तीनशे झालेच. तिचं पोट भरलेलं आहे. फक्त त्यात प्रथिनं नाहीत आणि साखर भरपूर. चहा पूर्ण बंद करा, त्यातलं कॅफीन त्यांच्या हृदयाला चालत नाही.

गच्चीतला_माळी
म्हणजे माझंच खरं. सासूबाईंना ठणकावून सांगा आणि वाटी उचला.

सुलभाताई_वाई
ठणकावून कशाला? मृण्मयी, मी सत्तरीची आहे, माझ्याही पायाशी एक बसलेला असतो. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा आपल्या ताटाकडे बघत बसलेल्या जिवाला नाही म्हणवत नाही गं. सासूबाईंच्या हातातून खाऊ काढून घेऊ नकोस, खाऊ बदल. उकडलेल्या लाल भोपळ्याच्या फोडी, गाजर, अर्धं उकडलेलं अंडं त्यांच्याजवळच्या डब्यात ठेव. दुपारचं जेवण त्यांनीच द्यायचं असं ठरव. माझ्या सुनेने तसंच केलं आणि आमच्यात एक शब्द झाला नाही.

रॉ_फीडर_पुणे
पोळी, बिस्किट, भोपळा… कुत्रा हा लांडग्याचा वंशज आहे. कच्चं मांस, कच्चं हाड, काळीज. महिनाभरात कोट चमकतो, दात स्वच्छ होतात, नखरे संपतात.

शिरीष_पं
लांडग्याचा वंशज आहे, लांडगा नाही. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडनच्या संशोधकांचं काम आलं होतं, पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उकिरड्यावर वाढलेला प्राणी आहे तो. शिवाय घरात वयस्कर बाई आहेत, कच्च्या चिकनमधले साल्मोनेलासारखे जंतू वाटीत, जमिनीवर, तिच्या जिभेवर येतात. ती जीभ नंतर आजींच्या हाताला लागते.

रॉ_फीडर_पुणे
माझ्याकडे चार कुत्री आहेत आणि कुणी आजारी पडलेलं नाही. तुमच्याकडे किती आहेत?

शिरीष_पं
एक. तेरा वर्षांची आहे.

नचिकेत_ब
मध्येच विचारतो. माझं मांजर दोन दिवस खात नाहीये, त्यालाही पंधरा मिनिटांनी वाटी उचलायची पद्धत चालेल का?

अनघा_ना
अजिबात नको! मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठते आणि मग ते खाईनासंच होतं. जाड मांजर असेल तर अजून धोका. आजच न्या डॉक्टरकडे. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगते.

वर्षा_एडिसन
मृण्मयी, पहिल्या पोस्टमध्ये "थोडं तोंड घालते" लिहिलंय तुम्ही. म्हणजे नक्की काय करते? दाणा उचलते आणि खाली टाकते का? तिला भूक नाहीये की भूक असून चावता येत नाहीये, हा पूर्ण वेगळा मामला आहे. ती जे खातेय ते सगळं मऊ आहे, बघा ना. चहात भिजलेलं बिस्किट, दुधातली पोळी. दाणे तेवढे नकोत.

मृण्मयी_ठाणे
हो, एक-दोन दाणे उचलते आणि जमिनीवर टाकते. आम्हाला वाटायचं खेळतेय.

वर्षा_एडिसन
मान एका बाजूला कलती करते का? दोरीचं खेळणं, च्यू स्टिक असलं काही चावायची का, आणि आता?

मृण्मयी_ठाणे
दोरी रोज ओढायची, संध्याकाळी मी आले की पहिलं तेच. आता तुम्ही विचारल्यावर आठवलं, पंधरा-वीस दिवसांत तिने दोरी आणलीच नाही. तोंडाला वास येतो, पण तो वर्षभर आहे, वाटलं कुत्र्यांना येतोच. आणि गेल्या महिन्यात उजव्या डोळ्याखाली सूज आली होती. किडा चावला असेल म्हणून अँटिबायोटिक दिलं होतं, चार दिवसांत उतरली.

बंड्या_सातारकर
हे आधी सांगायचं होतं हो! डोळ्याखालची सूज म्हणजे वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाल्याची अगदी नेहमीची खूण. त्या दाढेला तीन मुळं असतात आणि ती बरोबर डोळ्याच्या खालीच येतात. अँटिबायोटिकने सूज उतरते, दाढ तशीच राहते, मग काही आठवड्यांनी परत. ओठ वर करून दोन्ही बाजू बघा. फोटो टाका.

मृण्मयी_ठाणे
डावी बाजू बघू दिली. उजवीकडे हात नेला तर गुरगुरली. माझ्यावर सात वर्षांत एकदाही गुरगुरली नव्हती. जेवढं दिसलं त्यात दाढेवर तपकिरी थर आहे आणि हिरडी लालभडक.

वर्षा_एडिसन
मग ओढाताण करू नका, बिचारीला दुखतंय. आमच्या मल्टीजचं असंच झालं होतं आणि आम्ही तीन महिने चव बदलत बसलो, त्याचं मला अजून वाईट वाटतं. लहान जातींचा जबडा छोटा, त्यात बेचाळीस दात दाटीने बसतात, अन्न अडकतं, किटण चढतं. तिकडे जिथे दातांचा एक्स-रे निघतो असा दवाखाना शोधा. मुळापाशी काय झालंय ते वरून दिसत नाही.

गच्चीतला_माळी
दाताचं मला सुचलं नव्हतं. मृण्मयी, वाटी उचलू नका. मी मागे घेतो.

खवय्या_कोल्हापूर
तोवर दुखण्यावर आपली साधी क्रोसिनची पाव गोळी?

अनघा_ना
नाही! माणसांची वेदनाशामक गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय कुठलीच नाही. पॅरासिटामॉलने यकृत जातं, आयबुप्रोफेनने पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडं जातात, आणि पाच किलोच्या जिवाला मात्रा चुकायला वेळ लागत नाही. तोवर हेच दाणे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून लगदा करून द्या.

परळकर
ठाण्याहून लांब पडेल, पण परळचं बैलघोडा हॉस्पिटल लक्षात असू द्या. एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे, शेजारीच पशुवैद्यकीय कॉलेज. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

केतकी_के
आणि भूल द्यायच्या आधी उपाशी ठेवायची वेळ त्यांनाच विचारा, आपल्या मनाने नको.

मृण्मयी_ठाणे
काल लगदा करून दिला. सगळा खाल्ला. वाटी चाटून पुसून ठेवली. सहा दिवसांनी तिला वाटीतून खाताना बघितलं आणि मी तिथेच स्वयंपाकघरात खाली बसून रडले. सासूबाई पण रडल्या. पवईत एका ठिकाणी उद्याची वेळ मिळाली आहे.

सुलभाताई_वाई
सासूबाईंना बरोबर घेऊन जा गं, त्यांचा जीव टांगणीला असेल.

मृण्मयी_ठाणे
आठ दिवसांनी लिहितेय, माफ करा. भूल देऊन तपासलं. उजवीकडची वरची मोठी दाढ उभी चिरलेली होती आणि दोन मुळांशी पू. शेजारचा एक दात हलत होता. दोन्ही काढले, बाकीचे साफ केले. नळीच्या हाडाचा तुकडा किंवा तसलंच काही कडक चावताना चिरली असेल, असं त्या डॉक्टर म्हणाल्या. आम्ही कडक च्यू देत होतो, ते आता बंद. आधीच्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलंच नव्हतं, ती करवादली म्हणून सोडून दिलं, आणि मीही आग्रह धरला नाही. तिचं दुखणं आम्ही महिनाभर नखरे म्हणून मोजलं.

एक्स-रे, रक्त, भूल, दोन दात, औषधं मिळून साडेचौदा हजार झाले, कुणी विचारेल म्हणून लिहिलं. दहा दिवस मऊच द्यायचंय. दुपारचं जेवण आता सासूबाई देतात. उकडलेलं चिकन आमच्या घरात होत नाही, म्हणून भिजवलेले दाणे, अर्धं अंडं आणि भोपळा. चहा बंद आहे. बिस्किट एक, तेही अर्धं अर्धं करून, त्यावर अजून बोलणं चालू आहे.

डॉक्टरांनी टाके विरघळले की रोज ब्रश करायला सांगितलंय. माणसांची टूथपेस्ट नको, कुत्र्यांचीच वापरा म्हणाल्या. सात वर्षांच्या कुत्रीला ब्रशची सवय कुणी लावली आहे का? सुरुवात कशी केली?

वर्षा_एडिसन
लावली आहे, नऊ वर्षांच्याला. आधी आठवडाभर फक्त ओठाला बोट लावायचं आणि लगेच सोडायचं. मग बोटावर पेस्ट, नुसती चाटू द्यायची. मग बोटाला ओला गॉजचा तुकडा गुंडाळून पुढचे दोन सुळे. उजव्या बाजूला इतक्यात जाऊ नका, तिला ते दुखणं आठवत असेल. ब्रश आमच्याकडे पाचव्या आठवड्यात आला.

बंड्या_सातारकर
दोरी आणते का आता?

मृण्मयी_ठाणे
ओढायची परवानगी नाहीये अजून. पण काल मी आले तेव्हा तोंडात धरून दारात उभी होती.