पॉन्टिअॅक बंद केली ते पटलं, पण डीलर का तोडले?

वहीखातं (धागा)

स्टेलांटिस ही मोटार कंपनी २०२१ मध्ये जन्मली तीच १४ ब्रँडचा गोतावळा घेऊन. डिसेंबर २०२४ मध्ये तिचे प्रमुख कार्लोस ताव्हारेस पायउतार झाले, तेव्हापासून यातलं कोण ठेवायचं आणि कोण काढायचं याचीच चर्चा आहे. प्रत्येक चर्चेत कुणीतरी जनरल मोटर्सचा (जीएम) दाखला देतं: ‘जीएमने २००९ मध्ये निम्मे ब्रँड आणि ढीगभर डीलर छाटले, म्हणून कंपनी वाचली.’ माझ्या मते यात दोन वेगळे निर्णय एकाच गाठोड्यात बांधलेत. ब्रँड छाटले ते बरोबर, डीलर छाटले ते चूक.

अमेरिकेत तेव्हा जीएमची आठ नावं होती: शेवरोले, जीएमसी, पॉन्टिअॅक, सॅटर्न, कॅडिलॅक, ब्युइक, हमर आणि साब. २००८ चा तोटा ३,०९० कोटी डॉलर. जीएमचे जुने प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांच्या काळात या नावांना अर्थ होता. पगार वाढला की माणूस शेवरोलेवरून पॉन्टिअॅकवर, मग ओल्ड्समोबिल (हे नाव २००४ मध्येच बंद झालं), ब्युइक आणि शेवटी कॅडिलॅकवर चढायचा. पुढे सगळ्या पायऱ्या एकाच उंचीवर आल्या. ओहायोत मोरेनच्या कारखान्यातली एकच एसयूव्ही घ्या. तीच शेवरोले ट्रेलब्लेझर, तीच जीएमसी एन्व्हॉय, ओल्ड्समोबिल ब्राव्हाडा, ब्युइक रेनिअर आणि साब ९-७एक्स. समोरची जाळी वेगळी, दिवे वेगळे, सांगाडा तोच. साबची ओळख राखायची म्हणून चावीची जागा तेवढी दोन सीटच्या मध्ये आणली. या पाच नावांच्या जाहिरातींचा खर्च मात्र पाच ठिकाणी. हे थांबायलाच हवं होतं.

पण डीलरचं काय? तो कर्ज काढून कंपनीकडून गाडी विकत घेतो. व्याज तो भरतो, जागा त्याची, पगार त्याच्या खिशातून. गाडी कारखान्यातून त्याच्याकडे निघाली की कंपनीच्या वहीत विक्री लागते. मग असा माणूस कमी करून कंपनीचे पैसे वाचतात कुठे? मे २००९ मध्ये जीएमने सुमारे ११०० डीलरांना कळवलं की करार संपला की नवा होणार नाही. फेब्रुवारीतली जीएमची स्वतःची योजना पाच वर्षांत हळूहळू संख्या कमी करायची होती. कंपनी वाचवायला पैसे देणाऱ्या सरकारच्या पथकाने घाई करायला लावली. जुलै २०१० मध्ये बचाव निधीचे विशेष महानिरीक्षक नील बॅरोफ्स्की यांच्या अहवालाने ठपका ठेवला तो हाच: इतक्या घाईची गरज होती का आणि नोकऱ्या किती जातील, याचा पुरेसा विचारच झाला नव्हता.

शोरूमवाला

साफ असहमत. मी नाशकात गाड्यांच्या एजन्सीत सतरा वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे टेबलाच्या या बाजूने सांगतो.

आधी आकडे. २००८ मध्ये जीएमने अमेरिकेत सुमारे ३० लाख गाड्या विकल्या, डीलर ६,००० हून जास्त. टोयोटाने २२ लाख विकल्या, डीलर दीड हजाराच्या आसपास. म्हणजे जीएमच्या डीलरला वर्षाला पाचशे गाड्यासुद्धा नाहीत आणि टोयोटावाल्याला जवळपास दीड हजार. आता सांगा, नवीन लिफ्ट, स्कॅनर, शिकलेला मेकॅनिक कोणाला परवडेल?

आमच्याच कंपनीने (नाव लिहीत नाही) आमच्यापासून आठ किलोमीटरवर दुसरी एजन्सी दिली. दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक आलं, त्यांचं कोटेशन टेबलावर ठेवलं, खालच्या आकड्याभोवती पेनाने गोल. ‘याच्याखाली या.’ आम्ही मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर दिले, शेवटी इन्शुरन्समधलं कमिशनही सोडलं. गाडी गेली, हातात काही राहिलं नाही. पुढच्या मार्चपर्यंत आमचे दोन चांगले मेकॅनिक समोरच्या कंपनीत गेले. मग वर्कशॉपमधल्या तक्रारी वाढल्या आणि नाव कोणाचं खराब झालं? कंपनीचं. वहीखातं म्हणतात तो खर्च वहीत दिसत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही.

आणि घाईचं म्हणाल तर ओल्ड्समोबिल आठवा. डिसेंबर २००० मध्ये बंद करायचं ठरवलं, शेवटची गाडी निघाली एप्रिल २००४ मध्ये. तिथे राज्याराज्यांचे कायदे डीलरच्या बाजूने कडक आहेत, त्यामुळे भरपाईपोटी १०० कोटी डॉलरहून जास्त गेले. एका ब्रँडला इतके! २००९ मध्ये जीएम दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, तिथे ते करार सोडता येत होते. ती खिडकी एकदाच उघडते.

वहीखातं

कोटेशनची गोष्ट पूर्ण पटली. शहरात एकाच नावाची तीन दुकानं नकोत, मान्य. पण ‘खिडकी उघडी होती’ हे कारण होत नाही. कायद्याने आता भरपाई चुकवता येते, म्हणून तोडा? ज्याने तीस वर्षं तुमचा न खपणारा माल उचलला, त्याच्याशी असा व्यवहार?

मिशिगनवासी

मला तर दोन्ही निर्णय चुकीचे वाटतात.

२००८ मध्ये पॉन्टिअॅक अमेरिकेत अडीच लाखांहून जास्त विकली गेली, ब्युइकच्या जवळपास दुप्पट. तरी पॉन्टिअॅक गेली आणि ब्युइक राहिली, कारण ब्युइक चीनमध्ये जोरात होती. कंपनीच्या दृष्टीने ठीक असेल. पण एप्रिल २००९ मधल्या त्या निर्णयाची झळ कुठवर गेली बघा. पॉन्टिअॅक व्हाइब कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला, टोयोटासोबतच्या भागीदारीच्या कारखान्यात बनायची. पॉन्टिअॅक संपली, जीएम भागीदारीतून बाहेर पडली आणि टोयोटाने एप्रिल २०१० मध्ये तिथलं काम थांबवलं. त्या जागेत आज टेस्ला आहे, पण व्हाइब जोडणारे हात त्या दिवशी घरी गेले.

डीलरबद्दल एवढंच सांगतो. मी तेव्हा मिशिगनमधल्या एका शेतीच्या गावाजवळ राहायचो. तेव्हा डीलर तोडणाऱ्या कंपन्यांपैकी एकीचा डीलर तिथे होता, कुठल्या ते नको. हिवाळ्यात साडेसहाला, अंधारातच त्याचं वर्कशॉप उघडायचं, कारण शेतकरी गाडी टाकून कामाला जायचे. पार्टच्या काउंटरवरचा म्हातारा संगणक न बघता नंबर सांगायचा. ते दुकान बंद झाल्यावर जवळचं दुसरं चाळीस मैलांवर. पुढच्या दोन वर्षांत माझ्या ओळखीतल्या तिघांनी फोर्डचा पिकअप घेतला, कारण गावात फोर्डवाला उरला होता. माणसं नावाशी बांधलेली नव्हती, त्या काउंटरशी होती. कंपनीला वाटलं गिऱ्हाईक पुढच्या गावी जाईल. ते रस्ता ओलांडून गेलं.

तळेगावकर

अमेरिकेच्या डीलरला निदान भांडायला कायदा तरी होता. १८ मे २०१७ ला जीएमने भारतात शेवरोले विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. गुजरातेतला हालोलचा कारखाना त्याआधीच बंद झाला होता. आमचा तळेगावचा कारखाना निर्यातीवर डिसेंबर २०२० पर्यंत चालला, आता तो ह्युंदाईकडे आहे. इथल्या डीलरांसाठी तिथल्यासारखा वेगळा कायदाच नाही. करारात लिहिलंय तेवढंच. त्यांची संघटना अशा कायद्याची मागणी करत आली आहे आणि माझा त्याला पाठिंबा आहे.

गाडीवाल्याचंही बघा. माझ्याकडे देश सोडून गेलेल्या एका कंपनीची गाडी होती (नाव नको). दारातल्या काच खालीवर करणाऱ्या मोटरसाठी पाच आठवडे थांबलो. भर पावसाळ्यात काच अर्ध्यावर अडकलेली, त्यावर प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी. शेवटी भंगारवाल्याकडून जुनी आणून बसवली. ब्रँड ठेवा नाहीतर काढा, पण जी गाडी विकलीत तिचं वर्कशॉप दहा वर्षं चालेल अशी हमी आधी द्या.

शोरूमवाला

तळेगावकर, हमीबाबत शंभर टक्के तुमच्या बाजूने.

मिशिगनवासी, तुमच्या गावचं वाईट वाटलं, पण पॉन्टिअॅकवर अडून राहू नका. नाव भावनेवर चालत नाही, त्याच्यामागे स्वतःची गाडी लागते. सॅटर्नचं काय झालं? घासाघीस नाही, एकच किंमत, डीलर चांगले, मालक जीव लावणारे. पेन्स्की ही डीलरशिप चालवणारी कंपनी सॅटर्न घेणार होती. सप्टेंबर २००९ च्या शेवटी व्यवहार फिसकटला, कारण पुढच्या गाड्या बनवून द्यायला कोणी तयार नव्हतं. सगळ्यात चांगले डीलर असूनही गाडी नाही म्हणून दुकान बंद. आणि छाटणीनंतर २०१० मध्ये जीएमला ४७० कोटी डॉलर नफा झाला, २००४ नंतर पहिल्यांदा. हे विसरून कसं चालेल?

मिशिगनवासी

त्यात सरकारचे ४,९५० कोटी डॉलर होते, त्यातले १,००० कोटींहून जास्त परत आले नाहीत. कर्ज धुऊन निघाल्यावर नफा दिसणारच. तो डीलर तोडल्यामुळे झाला हे कोणीतरी दाखवा.

वहीखातं

मला नेमकं हेच विचारायचं होतं. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेस) डीलरांना लवादाकडे दाद मागण्याचा हक्क दिला. मार्च २०१० मध्ये जीएमने स्वतःच साडेसहाशेहून जास्त डीलरांना परत येण्याचा प्रस्ताव दिला. शोरूमवाले, ज्यांना काढल्याशिवाय कंपनी जगणार नव्हती, तेच दहा महिन्यांत परत चालले?

शोरूमवाला

याला माझ्याकडे उत्तर नाही. यादी करणाऱ्यांनी विक्रीचा आकडा पाहिला आणि तो डीलर कुठल्या गावात बसलाय ते पाहिलं नाही, एवढं मी मान्य करतो. शहरातल्या तीनपैकी दोन काढा, यावर मी अजून ठाम आहे. पण तुमच्या साडेसहाच्या वर्कशॉपवाल्याचं नाव त्या यादीत मी घातलं नसतं.