पोटफुगी: चोर सोडून पावाला फाशी

म्हापसेकर

एका व्यायामवाल्याची पोस्ट सध्या गोव्यातल्या बहुतेक ग्रुपांवर फिरते आहे. सार असे: पाव आणि भात महिनाभर बंद करा, पोट फुगणार नाही, दुपारची गुंगी जाईल, वजन उतरेल, ग्लूटेन (गव्हातले प्रथिन) म्हणजे विष, आणि गोव्यात मधुमेह वाढला तो पावामुळे. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. मला राहवले नाही म्हणून सविस्तर लिहितो.

पोट फुगणे आणि सुस्ती येणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कारणे वेगळी, उपाय वेगळे. त्यांची मोट बांधून पावाच्या गळ्यात अडकवली की धड एकही सुटत नाही.

आधी फुगणे. म्हापशाच्या बाजारात सकाळी हॉटेलात बसा. समोर काय येते? पातळ भाजी, तीत पांढरे वाटाणे, वर चिरलेला कांदा, किंवा आळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणक, बरोबर दोन पाव, मग चहा. अकरा वाजता पोट डमरू झाले की बोट पावाकडे. वाटाण्या-आळसांद्यांत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड असतात, कांदा-लसणीत आणि गव्हात फ्रुक्टान. साखरेच्या या साखळ्या तोडणारे एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जीवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू धरतो. म्हणजे गव्हाचा त्यात हात आहे, पण त्या ताटात तो एकटा नाही, आणि ग्लूटेनचा तर बहुतेकांच्या बाबतीत संबंधच नाही. २०१३ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने 'आम्हाला ग्लूटेन सोसत नाही' म्हणणाऱ्या ३७ जणांना आधी या आंबणाऱ्या साखरा कमी असलेल्या आहारावर ठेवले, मग गुपचूप ग्लूटेन दिले. ग्लूटेनचा वेगळा त्रास दिसला नाही. २०१८ मध्ये नॉर्वेत ५९ जणांना तीन तऱ्हेचे बार दिले, एकात ग्लूटेन, एकात फ्रुक्टान, एकात दोन्ही नाही. जास्त पोट फुगले ते फ्रुक्टानवाल्या बारने. सिलियाक, म्हणजे ग्लूटेनने आतडे खराब होण्याचा आजार, त्याचे रोगी यातून वगळा, त्यांना ग्लूटेन खरोखर घातक.

आता सुस्ती. दुपारी एक ते तीन शरीराचे घड्याळच मंदावते, जेवला नाहीत तरी. गोव्यात दुपारची दुकाने उगाच बंद होत नसत. त्यावर ताटभर शीत (भात), हुमण (माशांची आमटी), तळलेले नुस्ते (मासे). झोप येणारच.

आणि पहिल्या आठवड्यातले वजन म्हणजे बरेचसे पाणी. शरीर ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) साठवते तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. कर्बोदके तोडली की साठा संपतो, पाणी जाते, काटा खाली येतो. चरबी होती तिथेच.

फोंड्याची_सून

नॉर्वेचे मला सांगू नका. माझे पोट फोंड्यात आहे.

लग्नानंतर सासरी सकाळ-संध्याकाळ पाव सुरू झाला. माहेरी भाकरी आणि पेज. संध्याकाळपर्यंत परकराची नाडी सैल करावी लागायची, डोळे मिटायचे, ऑफिसात जांभया. लोक विचारायचे, काय गोड बातमी? हा प्रश्न किती लागतो ते पुरुषांना कळणार नाही. पाव बंद केला आणि पोट गेले. भात खाते, उकड्याचा, पोटभर. वाटाणे खाते, कांदा खाते. काही होत नाही. त्या पोस्टवाल्याची भाषा चुकली असेल, पण माझ्यापुरता तो बरोबर निघाला.

म्हापसेकर

तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. उलट तुम्ही माझेच म्हणणे मांडता आहात. भात चालतो, पाव नाही. तांदळात फ्रुक्टान नसल्यासारखेच, त्याचा स्टार्च जवळजवळ सगळा लहान आतड्यात पचतो. म्हणजे 'पाव-भात दोन्ही सोडा' हा सल्ला तुमच्या पोटानेच खोटा ठरवला.

फोंड्याची_सून

मी तुमचेच म्हणणे मांडते का! मी माझे मांडते आहे. कांदा-वाटाण्याने मला होत नाही हे सोयीस्कर विसरलात.

साखर_तपासा

पोटफुगीवर एवढा खल आणि मुख्य गोष्टीला बगल. आयसीएमआर-इंडियॅब या देशभरातल्या मधुमेह सर्वेक्षणाचा अहवाल २०२३ मध्ये आला. मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. माझे वडील त्याच आकड्यातले, पायाचे बोट गेले त्यांचे. सकाळी दोन उंडे (गोल पाव), चारला गोड चहात बुडवून कांकण (बांगडीसारखा कडक पाव), रात्री परत पोई (कोंड्याचा पाव). कोणी अडवले नाही. आता कोणी 'पाव सोडा' म्हणाला तर तुम्ही त्याला धरून बडवता. बडवायचे असेल तर 'पोई पौष्टिक असते, खा हो' म्हणणाऱ्यांना बडवा.

म्हापसेकर

वडिलांचे वाचून वाईट वाटले. पण त्याच अहवालात पुद्दुचेरी २६.३ आणि केरळ २५.५ आहे. तिथे कोण सकाळ-संध्याकाळ उंडे खातो? पांढऱ्या पावाचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचे माप) ७५ च्या आसपास, पांढऱ्या भाताचा ७३. पाव सोडून भाताचा डोंगर घेतला तर साखरेला काय फरक पडणार?

केप्याचा_म्हातारा

तुम्ही सगळे ज्याला पाव म्हणता तो पाव राहिलाय कुठे, यावर कोणी बोलत नाही.

आमच्या घरामागे पदेराची (पाव भाजणाऱ्याची) भट्टी होती. रेंदेर माडावरून सूर (माडी) उतरवायचा, त्यातली वाटी-दोन वाटी पदेराकडे जायची. सूर घालून पीठ फुगायला वेळ लागतो. संध्याकाळी मळलेले पीठ ओल्या फडक्याखाली पडून राहायचे, मध्यरात्री उठून गोळे, पहाटे भट्टीत लाकडाची धग. पोईला खाली-वर कोंडा असायचा आणि आत पिठातही. तोडली की आंबूस वास यायचा. आज यीस्टची चिमूट टाकतात, तासा-दीड तासात भट्टीत. पोई म्हणून मिळते ती मैद्याची, वरून कोंडा भुरभुरलेला. दुसऱ्या दिवशी चामडे. आम्ही तीन वेळ पाव खाऊन शेतात राबलो, कोणाची पोटे फुगली नाहीत. पावाला शिव्या देण्याआधी पाव कोणी बिघडवला ते विचारा.

बार्देसचा_बाब

बिघडवला कोणी ते सगळ्यांना ठाऊक आहे. भट्ट्या बाहेरच्यांना चालवायला दिल्या. त्यांना सूर म्हणजे काय ते माहीत नाही, पोईशी नाते नाही. गोंयकारपण गेले आणि त्याबरोबर पाव गेला.

भट्टीवाली

थांबा जरा. माझ्या नवऱ्याची भट्टी आहे, म्हणून बोलते.

बाहेरचे आले कारण इथले उठायला तयार नाहीत. तुमचा मुलगा मध्यरात्री उठून धगीपाशी उभा राहील? पाठवा उद्यापासून, पगार देते. माझा स्वतःचा मुलगा जहाजावर गेला, त्याला मी दोष देत नाही. आमच्याकडचा कारागीर कर्नाटकातला आहे. तापात आला तरी पेढी सांभाळतो, सायकलवर टोपली लावून तुमच्या दारात पोंपों वाजवतो तेव्हा तुम्ही अंथरुणात असता. सूर म्हणाल तर रेंदेरच उरले नाहीत. माडावर चढणारा मिळाला तर त्याची सूर काजूच्या दिवसांतही पुरत नाही, पावासाठी कुठून आणू? लाकडाचा भाव बघा, पिठाचा बघा. आणि पाव रुपयाने वाढला की हेच गोंयकार पेपरात पत्रे लिहितात.

बार्देसचा_बाब

एवढे चिडण्यासारखे मी काही बोललो नाही. वस्तुस्थिती सांगितली.

भट्टीवाली

वस्तुस्थिती मी सांगितली. तुम्ही माणसांवर बोट ठेवलेत.

साखर_तपासा

धागा पोटावरून निघाला आणि भट्टीत पोचला. कृपया.

म्हापसेकर

भट्टीत पोचला ते बरेच झाले, कारण पोटाचे उत्तर तिथेच आहे. केप्याच्या काकांचे 'आमची पोटे फुगली नाहीत' मी तसेच्या तसे घेणार नाही. तेव्हाही फुगत असतील, कोणी पोस्ट टाकत नव्हते. पण पीठ किती वेळ ठेवले याने फरक पडतो. जर्मनीत होहेनहाईम विद्यापीठाने २०१६ मध्ये पीठ मोजून पाहिले. मळल्यावर पहिल्या तासाला या आंबणाऱ्या साखरा सर्वात जास्त, चार तासांनी बऱ्याच उतरलेल्या. यीस्ट आणि जीवाणू फ्रुक्टान आपल्याआधी खातात. म्हणजे घाईच्या पावात आणि रात्रभर ठेवलेल्या पावात फरक आहे, मग सूर असो की पुडीतले यीस्ट.

भट्टीवाली ताई, तुमच्याकडे पीठ किती वेळ ठेवता?

भट्टीवाली

थंडीत रात्रभर. उन्हाळ्यात तेवढे ठेवले तर आंबट होऊन पसरते, गोळा धरत नाही, म्हणून कमी. पोई मात्र आम्ही आजही आट्याचीच करतो, कोंडा वेगळा. विचारून घ्या ना पदेराला. विचारतच नाही कोणी, फक्त मऊ आहे का बघतात.

केप्याचा_म्हातारा

तुमच्याकडे करत असाल, म्हणून सगळीकडे करतात असे नाही. पण आट्याची पोई करता हे ऐकून बरे वाटले. कुठे आहे भट्टी?

साखर_तपासा

आंबवला म्हणून पाव साखरेला निरुपद्रवी होत नाही हे कोणी विसरू नये. आटा म्हणून पण नाही. होलमील ब्रेडचा इंडेक्सही ७४ च्या घरात, पांढऱ्याच्या शेजारीच. केरळचा आकडा मान्य, तिथे मला उत्तर नाही, पाव एकटाच कारण नाही हे लिहून घ्या. पण त्यामुळे पाव सुटत नाही, भातही आत येतो. आमच्याकडे आता आई आधी भाजी आणि नुस्ते वाढते, मग एक पोई. वडिलांची जेवणानंतरची साखर एवढ्यानेही खाली आली, मीटरवर रोज बघतो. आणि चारचे कांकण बंद, त्यावरून घरात अजून भांडण होते.

डिचोलीची_आई

सगळ्यांना ज्ञान फार आहे. मूळ लेखात सिलियाकला एक वाक्य मिळाले, शेवटी चिकटवलेले. ते वाक्य आमच्या घरात पाच माणसांचे आयुष्य आहे.

माझी मुलगी वर्गात सगळ्यात बुटकी. पोट नगाऱ्यासारखे, हात काड्यांसारखे, हिमोग्लोबिन कायम खाली. जंताचे औषध झाले, लोहाचे टॉनिक झाले, दृष्ट काढून झाली. 'गोव्यात सिलियाक नसतो, तो पंजाबात' असे एका मोठ्या दवाखान्यात तोंडावर सांगितले. उत्तरेत जास्त आढळतो हे खरे, पण इथे नसतो हे खोटे. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी टीटीजी (सिलियाकची रक्तचाचणी) तपासले, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढला. निदान झाले. पाव, चपाती, रवा, शेवया सगळे बंद. ती वर्षभरात अशी वाढली की गणवेश पुरेना. म्हणून 'ग्लूटेनचा संबंधच नाही' हे वाक्य वाचले की माझे हात थरथरतात. कुठल्यातरी आईने ते अर्धेच वाचले तर?

आणि त्या पोस्टवाल्यावर माझा राग तुमच्याहून जास्त आहे. गहू आधी सोडला की टीटीजी खाली उतरतो, चाचणी खोटी निगेटिव्ह येते. चाचणी आधी, सोडणे नंतर. हे त्याने कुठेही लिहिले नाही आणि तुम्हीही लिहिले नाही.

म्हापसेकर

'बहुतेकांच्या बाबतीत' असे मी लिहिले होते, ते शब्द तिथे आहेत. पण चाचणी आधी हे सगळ्यांनी वाचायला हवे, म्हणून तुमचा प्रतिसाद मी त्या ग्रुपांवर पाठवतो, परवानगी असेल तर. वजन घटत असेल, रक्त कमी असेल, जुलाब हटत नसतील, घरात कोणाला सिलियाक असेल, तर पोस्टी वाचत बसू नये.

डिचोलीची_आई

पाठवा. मुलीबद्दलचे गाळून पाठवा.

फोंड्याची_सून

आता मला धडकी भरली. माझेही रक्त कमीच असते, डॉक्टर म्हणतात बायकांचे असतेच. मी तर पाव आधीच सोडला. चपातीही क्वचित. आता चाचणी केली तर?

डिचोलीची_आई

गहू खात नसाल तर निगेटिव्हला अर्थ नाही. डॉक्टर परत काही आठवडे गहू खायला लावून मग तपासतात. पण त्याआधी एक रस्ता आहे. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची तपासणी, तिला गहू खाण्याची गरज नाही. दोन्ही नसतील तर सिलियाक जवळजवळ नाहीच. असतील तर मात्र त्यावरून काही सिद्ध होत नाही, पुष्कळ निरोगी माणसांत असतात. मग टीटीजीकडे यावेच लागते. उपाशीपोटी जायची गरज नाही. पोटाच्या डॉक्टरांकडेच जा.

फोंड्याची_सून

आधी ती जनुकांची करते. त्यात सुटले तर म्हापसेकरांचे फ्रुक्टान मानते, त्याआधी नाही. आणि निगेटिव्ह आली तरी पाव मला नको. सासूबाईंना हवी तर भट्टीवालीकडची आट्याची पोई आणून देईन.

भट्टीवाली

पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. केप्याच्या काकांनाही. सात वाजायच्या आत या, पोई त्यानंतर उरत नाही.