हिस्लॉपचे लॉसन सर मार खायची तालीम कशी देत असत?

पीटीमास्तर_नागपूर:
राम राम मंडळी. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवून रिटायर झालो. परवा कळलं की अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातले जेम्स लॉसन 1953 ते 56 आपल्या हिस्लॉप कॉलेजात होते. मिशनरी म्हणून आले, पोट्ट्यांना खेळही शिकवले. मॉन्टगोमेरी शहरात काळ्यांनी भेदभावाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी इथल्याच पेपरात वाचली. परत गेल्यावर 1957 मध्ये मार्टिन लूथर किंग भेटले, ते म्हणाले, दक्षिणेत या. मग लॉसननी टेनेसीतल्या नॅशव्हिलला अहिंसक आंदोलनासाठी विद्यार्थी तयार केले.

माझा प्रश्न मास्तरकीचा आहे. कबड्डीत माझ्या एका रेडरला समोरच्यानं मुद्दाम कोपर मारलं. पोट्टा एरवी गरीब गाय, पण मी शिट्टी तोंडात घालेपर्यंत त्याची मूठ चालली होती. वर्षभराची शिकवण पाण्यात. मग अंगावर कोणी थुंकलं तरी हात उचलायचा नाही, हे लॉसन शिकवत कसे? भाषणं देऊन? मला नाही पटत.

वऱ्हाडची_टेनेसीत:
भाषणंही होती, पण खरी तालीम वेगळी होती. क्लार्क मेमोरियल चर्चच्या तळघरात रोल-प्ले चालायचे. काही जण दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसल्यासारखे बसायचे, बाकीचे गुंड व्हायचे. शिव्या द्यायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे, खुर्चीवरून खाली ढकलायचे. मग अदलाबदल. खाली पडल्यावर डोकं कसं झाकायचं, एकाला मार बसत असेल तर दुसऱ्यानं मध्ये कसं शिरायचं, सगळं करून बघायचे.

त्या काळी दुकानात काळ्यांकडून पैसे घ्यायचे, पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर त्यांना बसू द्यायचे नाहीत. 13 फेब्रुवारी 1960 ला शंभरावर विद्यार्थी जाऊन बसले. 27 तारखेला गोऱ्या पोरांनी त्यांना बडवलं, आणि अटक झाली ती 81 विद्यार्थ्यांना. एक तुकडी पोलिसांनी नेली की रिकाम्या स्टुलांवर दुसरी येऊन बसायची!

इथे नॅशव्हिलच्या पब्लिक लायब्ररीत त्या काउंटरसारखा एक काउंटर केलाय. वर त्यांचे दहा नियम कोरलेत. मारलं तर उलट मारू नका हे आहेच, पण माझा आवडता म्हणजे ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. म्हणजे मागून कोण येतंय ते बघायलासुद्धा वळायचं नाही.

शंकासूर:
माहिती छान, पण आता कोणीतरी 'सगळं आपल्याकडूनच शिकले' म्हणेल, त्याआधी सांगतो. लॉसन नागपूरला यायच्या आधीच लष्करभरतीला नकार देऊन 13 महिने तुरुंगात राहून आले होते. लहानपणी शिवी देणाऱ्या गोऱ्या पोराच्या थोबाडीत देऊन घरी आले, तर आईनं विचारलं, त्यानं काय साधलं? सुरुवात तिथली. गांधींचा अभ्यास इथे केला, ते खरं. आणि नॅशव्हिलला ते शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं काय केलं? आंदोलनापायी लॉसननाच काढून टाकलं. 2006 मध्ये त्याच व्हँडरबिल्टनं सन्मानानं शिकवायला बोलावलं.

पीटीमास्तर_नागपूर:
अदलाबदलीचं वाचून डोक्यात प्रकाश पडला. आम्ही पोट्ट्यांना चढाई शिकवली, पकड शिकवली, कोपर खायचा सराव कधीच घेतला नाही. नुसतं म्हणायचो, डोकं थंड ठेव बे. कसं ठेवेल?

एक राहिलं. काउंटर शेवटी उघडले का?

वऱ्हाडची_टेनेसीत:
हो तर. शहरातल्या काळ्या ग्राहकांनी ऐन ईस्टरच्या खरेदीत त्या दुकानांवर बहिष्कार टाकला. 19 एप्रिलला आंदोलकांचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारोंचा मोर्चा महापौरांकडे गेला. डायन नॅश या विद्यार्थिनीनं भेदभाव चूक आहे हे त्यांच्या तोंडून सगळ्यांदेखत वदवून घेतलं. 10 मे 1960 ला सहा दुकानांचे काउंटर उघडले.

पीटीमास्तर_नागपूर:
सकाळी कॉलनीतले पोट्टे मैदानावर येतात. उद्या एकाला खुर्चीत बसवतो, बाकीच्यांनी चिडवायचं. केस ओढू देणार नाही, नाहीतर त्यांच्या आया मलाच बडवतील.

शंकासूर:
मास्तर, आधी तुम्ही बसा खुर्चीत.